शनिवारी रात्री कॉन्ट्री मागतात तेव्हा

प्रश्न: वय साडेसोळा. नीटच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लाससाठी लातूरला रूम करून राहतो, रूममध्ये आम्ही चौघं. शनिवारची टेस्ट झाली की गच्चीवर बीअर येते, त्यासाठी कॉन्ट्री (सगळ्यांकडून वर्गणी) काढतात. एकाकडे व्हेप (ई-सिगारेट) आहे. गेल्या आठवड्यात ट्रिपल सीट ढाब्यावर जाऊन आलो. नको वाटत होतं तरी बसलो. नाही म्हटलं की "भित्रा", "आईचं बाळ" ऐकावं लागतं. घरी सांगितलं तर गावी परत नेतील. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास होता, पण नेमक्या वेळी त्यातलं काही आठवत नाही. मग निर्णय घ्यायचा कसा?

उत्तर: "नेमक्या वेळी काही आठवत नाही" हे तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. तिथूनच सुरुवात करू.

आठवत नाही म्हणजे संस्कार कमी पडले असं नाही. सोळा वर्षांचा मुलगा एकटा, शांतपणे, पुरेसा वेळ घेऊन विचार करतो तेव्हा त्याची समज जवळपास मोठ्या माणसाइतकी असते. गडबड होते ती चार मित्र बघत असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे अशा तीन गटांना गाडी चालवण्याचा गेम दिला. दिवा पिवळा झाल्यावर थांबायचं की दामटायची, एवढाच प्रश्न. एकटं खेळताना गटांत फारसा फरक नव्हता. मित्र बघायला उभे केल्यावर लहान दोन गटांनी जास्त धोका घेतला, त्यातही १३ ते १६ वाल्यांनी सगळ्यात जास्त. २४ च्या पुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, सारखंच. या वयात मेंदूतला "मजा येईल, भाव मिळेल" सांगणारा भाग जोरात असतो आणि लगाम धरणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत राहतो.

याचा तुझ्यापुरता अर्थ एवढाच की गच्चीवर निर्णय घ्यायला बसायचंच नाही. निर्णय मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर, वही घेऊन घ्यायचा. शनिवारी रात्री फक्त अंमल.

आता वहीत काय लिहायचं ते. शाळेतली यादी (प्रामाणिकपणा, राष्ट्रप्रेम, श्रमप्रतिष्ठा) बाजूला ठेव. ती चुकीची नाही, पण ती सगळ्यांची आहे, म्हणून अडचणीच्या वेळी कुणाचीच नसते. तुझी मूल्यं तुझ्या वागण्यात आधीच सापडतात, ती शोधायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. चार प्रश्न घे आणि प्रत्येकाखाली घडलेली गोष्ट लिही, मत नको. कुणी पाहिलं नव्हतं तरी स्वतःची लाज वाटली असं शेवटचं कधी झालं? दुसऱ्यावर अन्याय झालेला पाहून तुझं डोकं कधी फिरलं? ओळखीतल्या कोणत्या माणसासारखं व्हावंसं वाटतं, आणि त्याच्या नेमक्या कोणत्या वागण्यामुळे? गेल्या महिन्यात कुणी न सांगता तू वेळ आणि पैसे कशावर घातलेस?

उत्तरांमध्ये एकच धागा दोन-तीनदा दिसेल. त्यातून तीन गोष्टी निवड. तीनपेक्षा जास्त निवडल्या की पुन्हा भिंतीवरचा तक्ता होतो. आणि प्रत्येक गोष्ट एका शब्दात न लिहिता, काय करायचं ते कळेल अशा पूर्ण वाक्यात लिही. "प्रामाणिकपणा" या शब्दाने शनिवारी काही होत नाही. "आईने रात्री फोनवर 'काय करतोयस' विचारलं तर खोटं सांगावं लागेल असं काही करायचं नाही" या वाक्याने होतं. "आरोग्य" नको; "रविवारी सकाळी सातला डोकं ताजं पाहिजे" चालेल. "मैत्री" नको; "माझ्यासोबत असलेल्या कुणाला मी रस्त्यावर सोडून येणार नाही" चालेल.

इथे बहुतेकांच्या दोन चुका होतात. पहिली, भीतीलाच मूल्य समजणं. "घरच्यांचा मान" असं लिहिलंस तर स्वतःला विचार: हे कधीच कुणाला कळणार नाही अशी खात्री असती, तरी मला ते खटकलं असतं का? नसतं, तर ती पकडलं जाण्याची भीती आहे. भीतीही उपयोगाची असते, पण "कुणाला कळत नाही रे" एवढ्या एका वाक्यात ती संपते. दुसरी चूक जास्त महागात पडते: ध्येयाला मूल्य समजणं. "डॉक्टर व्हायचंय" हे ध्येय. ते एका निकालात हुकू शकतं, आणि त्याच्यावरच सगळं टांगलेलं असेल तर टेस्टमध्ये मार्क कमी पडले त्या संध्याकाळी "आता काय फरक पडतो" हा विचार दारात उभाच असतो. मूल्य निकालावर अवलंबून नसतं. आजारी माणसाच्या उपयोगी पडावं असं वाटत असेल तर ते रूममेटला ताप आला तेव्हाही करता येतं, रँक कितीही आली तरी.

आणखी एक. "हे आरोग्याला वाईट आहे" हे वाक्य तुझ्या वयात फार चालत नाही, कारण तोटा तीस वर्षांनी आणि मजा आत्ता. क्रिस्टोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आठवीच्या मुलांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे छान दिसलं. एका गटाला आहाराचे नेहमीचे धडे दिले. दुसऱ्याला खाद्यपदार्थांच्या कंपन्या खाणं हवंहवंसं वाटावं म्हणून काय युक्त्या करतात, लहान मुलांना कसं गाठतात, ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडताना चिप्स-कोल्ड्रिंक कमी घेतलं ते दुसऱ्या गटाने. आपल्याला कुणी बनवू नये ही भावना त्यांच्यात आधीपासून होती, धड्याने फक्त तिला बोट दाखवलं. आपल्याकडे याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी हातात ठेवतात, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. टीव्हीवर जाहिरात वेलचीची असते आणि नाव भलत्याच मालाचं डोक्यात बसतं. व्हेपला आंब्याचा, पुदिन्याचा वास कुणासाठी देतात? चाळीस वर्षं विडी ओढणाऱ्या आजोबांसाठी नक्कीच नाही. "मला कुणी गिऱ्हाईक करू नये" हे तुझ्या तीन वाक्यांपैकी एक असेल तर व्हेपचा निर्णय त्यात आपोआप होऊन जातो.

तीन वाक्यं झाली की पुढचं काम म्हणजे त्यांची जर–तर वाक्यं करणं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात ही पद्धत मांडली आणि तिच्यावर तेव्हापासून भरपूर काम झालंय: नुसता निश्चय केलेल्यांपेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलेले लोक ठरवलेलं जास्त वेळा पार पाडतात. वाक्य नीट बसवलं नाही तर मात्र उपयोग शून्य, म्हणून दोन गोष्टी सांभाळ.

"जर"मध्ये कानाला ऐकू येणारी किंवा डोळ्यांना दिसणारी खूण हवी. "प्रेशर आलं तर" ही खूण नाही, कारण प्रेशर आल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं. "कॉन्ट्री हा शब्द ऐकला की" ही खूण आहे. "तर"मध्ये पाच सेकंदांत हातापायांनी किंवा तोंडाने करता येईल अशी कृती हवी. "मी घेणार नाही" ही कृती होत नाही. त्यात हाताला काही काम नाही, आणि रिकाम्या हातात ग्लास लगेच येतो. तुझ्या तीन प्रसंगांसाठी वाक्यं साधारण अशी होतील:

कॉन्ट्री शब्द ऐकला की मी म्हणेन, "मी घेत नाही. जेवणाचे माझे साठ रुपये हे घे," आणि पैसे हातात ठेवेन.

व्हेप माझ्याकडे आला की तो न थांबवता शेजाऱ्याच्या हातात देईन आणि पाण्याची बाटली उचलेन.

दोघं गाडीवर बसलेले दिसले की मी म्हणेन, "तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येतो," आणि गाडीपासून चार पावलं मागे जाईन.

शब्द तुझे घाल, पण "घेत नाही" आणि "घेता येत नाही" यातला फरक सोडू नकोस. "मला घेता येत नाही" म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "का? कोण काय म्हणतंय?" आणि तू कारणं देत बसतोस. पोट बिघडलंय, उद्या टेस्ट आहे, गोळ्या चालू आहेत. प्रत्येक कारणाला गच्चीवर उत्तर तयार असतं, आणि पुढच्या शनिवारी नवं कारण शोधावं लागतं. "मी घेत नाही" याला कारण नसतं, म्हणून त्याच्यावर वाद घालायला जागा राहत नाही. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदाही तेच. बहुतेक वेळा तिसऱ्याच्या आत विषय बदलतो. समोरच्याला उपदेश मात्र करू नकोस. तू त्यांना चूक ठरवलंस की ते तुला सोडणार नाहीत. ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघ, आरशासमोर चार-पाच वेळा. हसू येईल, येऊ दे. पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडताना वाक्य अडखळतं, ते अडखळणं गच्चीवर नको.

मग गच्चीवर बसायचंच नाही का? बसलास तर आभाळ कोसळत नाही, चकणा खाऊन गप्पा मारता येतात. पण उठायची वेळ आधी ठरव. पहिल्या तासात कुणी फारसं मागे लागत नाही. बाटल्या संपत आल्या की "आज तरी घे" सुरू होतं आणि गाडी काढायची कल्पनाही तेव्हाच निघते. म्हणून साडेदहाला उठायचं, फोनमध्ये गजर लावून. गजर वाजला की पाय आपोआप उठतात, निरोपाचं भाषण लागत नाही.

कोणत्या गोष्टीची काय किंमत आहे तेही माहीत असू दे. घाबरवायला नाही, हिशोब खरा असावा म्हणून. महाराष्ट्रात बीअरसाठी वय निदान २१ लागतं, कडक दारूसाठी २५. ई-सिगारेटच्या विक्रीवर, आयातीवर, साठवणुकीवर देशभर बंदी आहे, २०१९ च्या कायद्याने. म्हणजे रूमवर येणारा प्रत्येक व्हेप चोरट्या बाजारातला, आत काय भरलंय याची तपासणी कुठेच नाही. गाडीचं गणित सगळ्यात कडक. १८ च्या आत गिअरची गाडी चालवता येत नाही, १६ नंतर परवाना काढून फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मित्र "बाबांची गाडी आणलीय" म्हणतो तेव्हा या सगळ्याला तो बाबांना उभं करतोय, हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. फोनवरच्या फोटोंचंही तसंच: १८ च्या आतल्या कुणाचाही उघडा फोटो, अगदी संमतीने काढलेला असला तरी, ग्रुपवर पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) या दोन्हींखाली गंभीर गुन्हा आहे. असा फोटो आला तर पुढे पाठवायचा नाही. कुणी तुझ्याच फोटोवरून पैसे मागत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, त्याचे मेसेज आणि नंबर पुसायचे नाहीत, आणि १९३० (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) किंवा १०९८ (मुलांची हेल्पलाइन) वर फोन करायचा.

आता अवघड भाग. तुझी तीन वाक्यं एकमेकांशी भांडतील. "मित्राला रस्त्यावर सोडणार नाही" आणि "आईला खोटं सांगावं लागेल असं करणार नाही" ही दोन्ही एकाच रात्री समोर येतील. अशा वेळी कोणतं मूल्य मोठं हा वाद घालत बसू नकोस. दोन प्रश्न विचार: यातली कोणती चूक नंतर दुरुस्त होऊ शकते? आणि कोणती होऊच शकत नाही? मित्र चिडला तर आठवड्यात बोलायला लागतो. प्यायलेल्या मित्राच्या मागे बसून अपघात झाला तर दुरुस्ती नाही. त्याची किल्ली लपव, भांडण होऊ दे.

एका प्रसंगात तर मूल्यांचा विचारच करायचा नाही. कुणी इतका प्यायलाय की हलवूनही जागा होत नाही, झोपेतच उलटी करतोय, ओठ निळसर पडलेत, अंग गार लागतंय, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहे किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतंय: १०८ ला, म्हणजे ॲम्ब्युलन्सला फोन. त्याला कुशीवर झोपवायचं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. एकट्याला सोडायचं नाही. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, घशात बोटं घालून उलटी काढणं यातलं काहीही नको. "झोपू दे, उतरेल" यात धोका असा की पोटातली दारू त्यानंतरही रक्तात जात राहते, म्हणजे झोपताना होता त्यापेक्षा तासाभराने तो जास्त वाईट असू शकतो. रूममालक काय म्हणतील, घरी काय कळेल, हे सकाळी बघायचं.

घरी सांगण्याबद्दल. "सांगितलं तर परत नेतील" ही भीती खरी असू शकते, पण गोष्ट बिघडल्यावर कळलं तर ती हमखास खरी होते. बिघडण्याआधी सांगितलेलं वेगळं ऐकलं जातं. रविवारी सकाळी फोन कर, रात्रीच्या जेवणाच्या घाईत नको. आधी वस्तुस्थिती, मग तू काय केलंस, मग तुला काय हवंय: "बाबा, रूमवर शनिवारी काही मुलं बीअर घेतात. मी घेत नाही. मला दोन गोष्टी हव्यात, रात्री कधी अडकलो तर फोन करायची परवानगी, आणि पुढच्या महिन्यात रूम बदलायला मदत." मागणी सोबत असली की बोलणं तक्रारीवर थांबत नाही. बाबांशी जमत नसेल तर लातुरातच राहणारी मावशी, चुलतभाऊ, क्लासचे एखादे सर, कुणीतरी एक मोठा माणूस ठरवून ठेव. त्याच्याशी खुणेचा मेसेजही ठरव. "उद्याच्या टेस्टचा पोर्शन पाठव" असा मेसेज आला की त्याने पाच मिनिटांत फोन करून "ताबडतोब ये" म्हणायचं. मित्रांसमोर तुझी मान खाली जात नाही. अट एकच, त्या माणसाने त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. (पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: मुलाच्या पहिल्या खऱ्या फोनवर तुम्ही ओरडलात तर दुसरा फोन येत नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारा, आणि विचारा जरूर.)

रूम बदलणं हा पळपुटेपणा नाही. रोज रात्री स्वतःला आवरत बसण्यापेक्षा जिथे आवरावंच लागत नाही तिथे राहणं केव्हाही स्वस्त. महिना संपण्याआधी मालकाला सांग, डिपॉझिटचं काय ते विचारून घे. नवी रूम दुपारी न बघता रात्री दहाला जाऊन बघ, खरं चित्र तेव्हा दिसतं.

आणि घसरलास तर? कधीतरी घसरशील. घसरण्यापेक्षा त्यानंतरचा विचार जास्त घातक असतो: "आता झालंच ना, मग कशाला नाटक." एका बीअरपासून दर शनिवारच्या बीअरपर्यंतचा रस्ता याच वाक्यावरून जातो. दुसऱ्या दिवशी वहीत तीन ओळी लिही: किती वाजता, कोण होतं, त्याआधी काय झालं होतं. तीन-चार नोंदींत एकच खूण पुन्हा पुन्हा दिसते. बहुतेकदा ती टेस्टचा निकाल, उपाशी पोट, किंवा सलग तीन-चार रात्रींची अपुरी झोप यांपैकी एक निघते. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. पाच तासांवर आठवडा काढलेल्या मुलाला "नाही" म्हणणं सकाळी अवघड जातं, रात्री त्याहून अवघड. जी खूण सापडेल तिच्यासाठी नवं जर–तर वाक्य बनव. जुनं वाक्य घोकून उपयोग नाही, ते त्या खुणेसाठी नव्हतंच.

व्हेप किंवा तंबाखू रोजचं झालं असेल, सकाळी उठल्या उठल्या हवंसं वाटत असेल, तर हा प्रश्न मूल्यांचा राहिलेला नाही, निकोटिनचा झालाय, आणि त्याला उपचार आहेत. तलफेचा जोर सहसा काही मिनिटांत ओसरतो. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात जड जातात. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी "मैत्री" क्लिनिक असतात, जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. मन खूप खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो.

राहिला "भित्रा" हा शब्द. रूममध्ये चौघं आहात. तू सोडून तिघं, आणि त्या तिघांनाही मनापासून प्यायचंय असं तू धरून चाललायस. बहुधा निदान एक जण तुझ्याबद्दल हेच धरून चाललाय. सॉलोमन ॲशने १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लोकांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली होती. बाकी सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देत, तेव्हा साधारण एक-तृतीयांश वेळा माणूस डोळ्यांना दिसतंय ते सोडून गटाचं उत्तर देई. गटात फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा बसवला की हे प्रमाण एकदम खाली आलं. तुला तिघांना पटवायचं नाही, एकच शोधायचाय. मेसमध्ये तो एकटा असताना विचार, "शनिवारी मी साडेदहाला उठून चहाला जाणारेय. येतोस?"